खडकाला दाखवलेला धूप

खंडेनवमीला सकाळी साडेदहा वाजता बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात राघवेंद्र सरांनी शेल खडकाच्या भुकटीला धूप दाखवला.

भुकटी कंग्राळीच्या तेजस्वीची, तिच्या पीएचडीची; सर तिचे मार्गदर्शक. निर्वातात तापवून, छिद्रं पार कोरडी करून तिने ती बाटलीत बंद ठेवली होती. पण यंत्राला हार, पान्यांना कुंकू लागलं आणि सर म्हणाले, “खडकाला का वगळायचं? राबतो तर तोच!” झाकण उघडलं. धुपामागोमाग कापूर पेटला. संकेश्वरचा सौरव, तिच्याच प्रयोगशाळेतला, खोकत बाहेर पळाला.

दसरा झाल्यावर तेजस्वीने भुकटीत मिथेन सोडला. हा वायू छिद्रांच्या भिंतींना चिकटतो तेव्हा उष्णता सुटते. नवरात्राआधी याच भुकटीत ही उष्णता सुरुवातीला भरपूर सुटून मग उतरत गेली होती. लग्नात पहिले आलेले पंख्याखालच्या खुर्च्या धरतात, उरलेले मिळेल तिथं टेकतात, तसंच. सरांचा सिद्धांत मात्र असा की सगळ्या खुर्च्या सारख्याच, उष्णता शेवटपर्यंत एकच. त्यावरच ते प्राध्यापक झाले होते.

या वेळी आलेख पाटासारखा सपाट आला.

“बघ! मी काय सांगत होतो?” सर खूश.

तेजस्वीने बाटली हुंगली. थेट गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाटलं. “सर, चांगल्या जागा आधीच कापरानं आणि धुरानं धरल्यात. मिथेनला मागच्या रांगा मिळाल्या.”

“दोन वर्षं तुझे आकडे माझ्याशी भांडले. आता जुळले, तर तुला वास येतोय? प्रबंधात हाच आलेख घाल. मगच सही.”

व्हरांड्यात सौरव म्हणाला, “घाल की गं आणि सूट. देवानंच सपाट केलंय, तू कोण?”

“आणि तोंडी परीक्षेत कुणी विचारलं तर? आरती म्हणू व्हय रं?”

“चाल लागली तर पास करतील.”

तिने त्याला हाकललं आणि तीच भुकटी पुन्हा निर्वातात तापवायला लावली.

गुरुवारी दुपारी भुकटी अजून तापतच होती. प्रबंधावर सही नव्हती. सपाट आलेख मात्र सरांनी सकाळीच हुबळीच्या परिषदेला पाठवला होता, पहिलं नाव तेजस्वीचं घालून.