बर्फावरचा नमस्कार

मेट्रो धावायला लागली आणि ती बांधणाऱ्यांची घरी जायची वेळ झाली. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं होती, अर्धं दोहा खणून ठेवलेलं होतं, पण अभिजितच्या वाट्याचं काम संपलं. कंपनीनं निरोप देताना त्याला पितळी होडी दिली, खाली त्याचं नाव कोरलेलं. लेकीचं, अंतराचं, नाव शाळेतल्या पोहण्याच्या फलकावर आधीच झळकत होतं.

त्याच्या बायकोनं, मृणालिनीनं, ती होडी पुसता पुसता आठवून पाहिलं, अकरा वर्षांत आपलं नाव या गावात कुठं लागलं? घर अभिजितच्या नावावर, वीजबिल अभिजितच्या नावावर, गाडी तर त्याचीच. अल हिलाल भागातल्या त्यांच्या इमारतीचा पहारेकरी बशीर तिला 'मॅडम अभिजित' म्हणायचा. माणूस देवासारखा, पण या बाईचंही कधीकाळी बारसं झालं असेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. तिला वाईट वाटलं. आपण इथून गेलो की या गावाला आपण आलो होतो याचा पत्तासुद्धा राहणार नाही, असं वाटून तिला चक्क रडू आलं.

आणि नाव लावायची एकच संधी उरली होती, ती म्हणजे कर्लिंग. वाळवंटात बर्फावरचा खेळ! तो तिनं निवडला नव्हता, खेळानंच तिला गाठलं होतं. दीड वर्षापूर्वी धुळीचं मोठं वादळ येऊन गेलं. दुसऱ्या दिवशी मृणालिनी पदर खोचून, म्हणजे ओढणी खोचून, जिना झाडत होती. खालच्या मजल्यावरची रुकैया पायरीवर उभी राहून बघतच राहिली. ही मूळची हैदराबादची, बोलायला मोकळी.

"क्या हाथ है तुम्हारा!" ती म्हणाली. "कल सुबह मेरे साथ चलो. हमारी टीम में एक झाडनेवाली कम है."

खेळ तसा सरळ आहे. वर मूठ बसवलेला जवळजवळ वीस किलोंचा दगड बर्फावरून घसरवत सोडायचा. पलीकडच्या टोकाला वर्तुळं आखलेली असतात. ज्यांचा दगड मधल्या ठिपक्याच्या सर्वांत जवळ थांबेल, त्यांना गुण. एक बाई दगड सोडते आणि दोघी त्याच्यापुढं ब्रशनं बर्फ घासत पळतात, म्हणजे दगड लांब जातो. चालत्या दगडाला मात्र पाय किंवा ब्रश लागता कामा नये.

"आई, इट्स लिटरली केर काढणं," अंतरा म्हणाली होती.

"हो ना? मग तुझ्या खोलीत खेळ की दोन मॅच."

आता, लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहणारी ही बाई. पहिल्याच दिवशी ब्रशला पाय लागला, तशी वाकून नमस्कार करून मोकळी झाली. कप्तान विजयालक्ष्मी बँकेतली, शिस्तीची. "मॅडम, पूजा बाद में!" असं खेकसली. पण दोनच दिवसांनी तिचा स्वतःचा पाय दगडाला लागला आणि तिचाही हात आपसूक डोळ्यांकडे गेला. तमिळ घरातलं वळण, जाणार कुठं? चौथी पुष्पावती, ती शाळेत शिकवायची. तिच्या वहीला कुणाचा पाय लागला तर तीच आधी नमस्कार करायची. रुकैया तिघींना हसायची, पण त्यांची सवय तिला पाठ झाली होती.

मॉलमधल्या ज्या बर्फाच्या रिंकवर त्या खेळत, तिच्या भिंतीवर एक लाकडी फळा होता. राष्ट्रीय महिला स्पर्धेतल्या पहिल्या तीन संघांतल्या प्रत्येकीचं नाव त्यावर रंगानं लिहीत. त्या वर्षी इथं राहणाऱ्या परदेशी बायकांनाही प्रवेश मिळाला. फळा कुणी पुसत नाही. आपण नाशिकला गेलो तरी नाव राहील. मृणालिनीला सोन्याचांदीची हाव नव्हती, तिसरा नंबर पुरे होता. विमान पुढच्या गुरुवारचं होतं, त्यामुळं 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायची सोयही नव्हती.

पहिला सामना त्यांनी जिंकला, दुसरा दणकून हरल्या, आणि शनिवारी सकाळी, मॉलची दुकानं उघडायच्या आत, तिसऱ्या नंबरासाठी उभ्या राहिल्या. समोर कतारी मुलींचा संघ. त्यांची कप्तान मुनीरा, एकोणीस-वीस वर्षांची, इंजिनिअरिंगला शिकणारी. हातमोजे घालून अभिजित आणि अंतरा बाकावर बसले होते. अंतरानं मोबाईल आणला होता, पण तासाभरात तिनं तो खिशात टाकला.

शेवटच्या डावापर्यंत गुण सारखे. शेवटचा दगड यांचा. मुनीराचा पिवळा दगड ठिपक्यापासून हातभर अंतरावर बसलेला. त्याच्या आत आपला लाल दगड थांबवला की झालं. विजयालक्ष्मीनं दगड सोडला. पलीकडच्या टोकाला उभी असलेली पुष्पावती किंचाळली, "घासो! घासो!"

मृणालिनी आणि रुकैया घासत सुटल्या. दगड मंदावत होता. वर्तुळाच्या कडेशी मृणालिनीची टाच मागं सरकली आणि दगडाला लागली. अगदी निसटती. दोन्ही हात ब्रशवर, थांबायला सवड नाही, ती घासतच राहिली. दगड पिवळ्याला वळसा घालून आत शिरला आणि ठिपक्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

"यल्ला!" रुकैयानं ब्रश हवेत उडवला. बाकावर अंतरा उभी राहून "आई! आई!" करून ओरडत होती. पाच-सहा वर्षांत तिनं आईला चारचौघांत इतक्या जोरात हाक मारली नव्हती.

आणि मृणालिनी? ती वाकली, बोटं दगडाला टेकवली आणि डोळ्यांना लावली. हात तिला न विचारताच गेला होता.

रुकैया हसायची थांबली. पुष्पावतीनं विजयालक्ष्मीकडे पाहिलं. तिघींनाही कळलं, पाय लागला.

कळलं नाही ते फक्त मुनीराला. तिनं इंग्रजीत कौतुकानं विचारलं, "तुम्ही दगडाचे आभार मानलेत? किती छान!"

उत्तर आयतं ताटात वाढून ठेवलेलं होतं. नुसती मान हलवायची होती. तिघी मैत्रिणींपैकी कुणी चहाडी करणार नव्हतं. मृणालिनीनं भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. तिसऱ्या नंबराखाली चार ओळींपुरती कोरी जागा होती. तिला ती फार हवी होती. पण आत्ताच ज्याची माफी मागितली, त्याच्याच समोर उभं राहून खोटं कसं बोलायचं?

"आभार नाही," ती म्हणाली. "माझा पाय लागला. दगड चालू असताना. आमच्यात पाय लागला की असं करतात."

या खेळात आपली चूक आपणच सांगायची असते आणि मग समोरची कप्तान निर्णय देते. दगड राहू द्यायचा, की काढायचा. मुनीरा गुडघ्यांवर बसली, दगडाकडे पाहिलं, फळ्याकडेही पाहिलं. तिचंही नाव अजून तिथं नव्हतं. तिलाही जिंकायचं होतं, आणि का जिंकू नये?

"सॉरी," ती हळूच म्हणाली आणि दगड बाजूला सरकवला.

खलास.

विजयालक्ष्मी तरातरा आली. मृणालिनीनं मान खाली घातली. "नियम असा आहे की लगेच सांगायचं," कप्तान कडक आवाजात म्हणाली, "नमस्कार करून मग नाही." आणि तिनं मृणालिनीला अशी मिठी मारली की दोघी घसरून बर्फावर बसल्या. मग चौघी हसत सुटल्या. हरल्यावर इतकं हसू कुठून आलं कुणास ठाऊक, पण आलं खरं.

जिंकलेल्यांनी हरलेल्यांना चहा पाजायचा, ही या खेळाची रीत. मुनीरानं सगळ्यांना करक, म्हणजे तिथला कडक दुधाळ चहा, आणला आणि मृणालिनीसमोर बसून म्हणाली, "तो हात कसा नेलात? पुन्हा दाखवा." मृणालिनीनं तिला दाखवला. गुरुवारी ती विमानात बसली. पितळी होडी अभिजितच्या बॅगेत होती आणि तिच्या पिशवीत जुना झिजलेला ब्रश.

तीन वर्षं गेली. वर्ल्ड कप महिन्यावर आला होता. नाशिकच्या घरी मृणालिनी पोह्यांना फोडणी देत असताना रुकैयाचा व्हिडिओ आला. तीच रिंक, तीच स्पर्धा, सगळ्या नव्या मुली. एका पोरीचा पाय दगडाला लागला. ती थांबली, वाकली, बोटं दगडाला टेकवून डोळ्यांना लावली आणि हात वर करून मोठ्यांदा ओरडली, "मृणालिनी!"

दोन्हीकडच्या मुली हसल्या. कडेला उभ्या असलेल्या मुनीरानं, आता तीच शिकवत होती, मान डोलावली. खाली रुकैयानं लिहिलं होतं: 'पाय लागला की इथं आता असंच ओरडतात. अर्ध्या पोरींना माहीत पण नाही की ही कुणी बाई आहे.'

फोडणी करपली. अंतरानं धावत येऊन गॅस बंद केला, आईच्या हातातून मोबाईल घेतला आणि व्हिडिओ पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला.

"आई," ती अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "फळ्यावरची नावं कोण वाचतं गं?"

मृणालिनीनं डोळे पुसले आणि करपलेले पोहे हसत हसत ताटात वाढले.