मिठाचा धबधबा

रांगोळी काढताना कुणी बघत असलं की संघमित्राचा हात जास्तच चांगला चालायचा. बाकीच्या पोरी लाजून चुकायच्या, ही गर्दी बघून फुलायची. त्यामुळं दूध संस्थेनं जत्रेच्या मैदानावर कुटुंब मेळावा ठेवलाय आणि त्यात रांगोळीची स्पर्धा आहे, असं भोंग्यावरनं ऐकलं तेव्हाच तिनं मनातल्या मनात पहिला नंबर घेऊन टाकला होता.

नुसत्या हौसेपायी नव्हे. पहिल्या येणाऱ्या मुलीला चेअरमन अर्जुनरावांच्या वसतिगृहात, तालुक्याला, फुकट जागा मिळणार होती. तिचे वडील बन्सी म्हणाले होते, "नंबर आला तर तू शाळंत. न्हाई आला तर दसरा झाला की आमच्यासंगं उसाला. तरणी पोर एकटी मागं ठेवून जाऊ का मी?" तिची अर्धी आठवी उसाच्या फडात गेली होती. आता दहावी होती.

अडचण रांगोळीचीच होती. दुकानातली सगळी रांगोळी चेअरमनच्या घरी गेली होती, मांडव सजवायला आणि त्यांच्या लेकीला, राजनंदिनीला, सरावाला. दुकानदार म्हणाला, "पिठानं काढ." दुष्काळात भाकरीपुरतं पीठ घरात नव्हतं, तर जमिनीवर कुठून सांडायचं. मग संघमित्राला मीठ सुचलं. खडेमीठ पाट्यावर बारीक केलं, त्यात कपड्याची नीळ चोळली की निळं, हळद चोळली की पिवळं, गेरूनं तांबडं. उन्हात वाळवलं तर कण न् कण चमकायला लागला.

"मिठाची रांगोळी कुणी काढती का गं?" तिची आई जाईबाई म्हणाली.

"मी काढते की."

मैदानाचे दोन भाग केले होते. वरच्या अंगाला मेळावा आणि खालच्या अंगाला चारा छावणी. मधे नुसती एक दोरी. वर आकाशपाळणा, लेझीम, संगीत खुर्ची आणि भज्यांची कढई. खाली गावाची झाडून सगळी जनावरं, हाडं वर आलेली, वैरणीची वाट बघत उभी. संघमित्राची गाय तांबू त्यातच होती. शाळेतनं येताना संघमित्रा तिला चिमूटभर मीठ तळहातावर चाटवायची, म्हणून ती हिला लांबनं ओळखायची.

स्पर्धेचे चौकोन आखले तेव्हा संघमित्राच्या वस्तीवरच्या पोरींना दरसालासारखे शेवटचे मिळाले, दोरीला लागून. जाईबाई पुटपुटली. संघमित्रा म्हणाली, "बरं झालं आई. शेवटची बघितलेली ध्यानात राहती."

आणि राहिलीच. सगळ्यांनी मोर काढले होते, कलश काढले होते. हिनं कपिलधारचा धबधबा काढला. शाळेच्या सहलीत भर पावसाळ्यात बघितलेला. यंदा तिथं थेंब नव्हता. गेरूचे कडे, मधनं निळं पाणी, खाली पांढराशुभ्र फेस. ऊन वर आलं आणि पाणी असं काही चमकायला लागलं की बाया पुढं सरकून बोट लावून बघू लागल्या.

"वलं हाय का गं हे?" शेजारच्या भिवराबाईंनी विचारलं.

"कोरडंच हाय मावशी. दुष्काळ हाय, वलं कुठून आणू?"

बाया हसल्या. संघमित्राला लई भारी वाटलं.

परीक्षक म्हणून बीडवरनं चित्रकलेच्या मॅडम आल्या होत्या. त्या चौकोनापाशी चक्क खाली बसल्या. "पाण्याला ही चमक कशानं आणलीस?"

इथं गप्प बसायला पाहिजे होतं. नुसतं हसून सोडून द्यायला पाहिजे होतं. पण आजूबाजूला गर्दी होती, आणि गर्दी असली की हिची जीभही हातासारखीच चालायची.

"मिठानं, मॅडम. सगळं मीठच हाय. आमची तांबू तर बघा, मिठाच्या वासानं दावं तोडंल ती," म्हणत तिनं दोरीपलीकडं बोट दाखवलं. तांबूनं मान वर केली.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि जाईबाईकडं बघून मान डोलावली. "मेळाव्याचे पाहुणे येऊन बघतील, मग निकाल. तोवर हलवू नका."

राजनंदिनी मागंच उभी होती. तिच्या मोराला चमकी लावली होती, तरी त्याच्याकडं माणूस फिरकत नव्हतं. तिनं संघमित्राच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता.

"लई झ्याक काढलीस. पाळण्यात बसलीस का? चिठ्ठी मिळाली असंल ना, स्पर्धेतल्या पोरींना एक फेरी फुकट हाय."

"रांगोळी सोडून कशी जाऊ?"

"मी हाय की इथं. ही घे, माझी पण चिठ्ठी घे. आईला ने. त्या कधी बसल्या असतील?"

जाईबाई खरंच कधी बसली नव्हती. ती नको नको म्हणत गेली, पाळण्यात बसली, डोळे गच्च मिटले आणि लेकीचा दंड धरून ठेवला. पाळणेवाल्या धुळाजीनं इंजिन चालू केलं.

पाळणा वर गेला. संघमित्राला सगळं मैदान दिसलं आणि त्यात आपला चौकोन, निळा, लखलखीत. तेवढा एकच तुकडा ओला दिसत होता. ती मोठ्यानं हसली.

दुसऱ्यांदा वर गेली तेव्हा राजनंदिनी दोरीपलीकडं होती. तांबूचं दावं सोडत होती. एक तळहात तिनं तांबूच्या तोंडापुढं धरला होता.

"आई. आई, डोळे उघड."

"न्हाई गं बाई, मला फिरतंय."

पाळणा खाली आला तशी ती ओरडली, "मामा, थांबवा."

"भ्यालीस का गं?" धुळाजी हसला. "पैली फेरी हाय, मजा घे."

वर गेली. तांबूनं धबधबा मधोमध चाटला होता. खाली आली, ओरडली, वर गेली. आता तांबूच्या मागं आणखी गुरं आली होती, एकमेकांना शिंगं लावत होती. माणसं हाकलत नव्हती. गोल करून बघत होती, लेकरांना खांद्यावर घेऊन. माईकवर संस्थेचे बद्रीनाथ सर होते, त्यांचा आवाज वरपर्यंत आला: "मंडळी, इकडं बघा, कपिलधारला गुरं पाण्यावर आली. छावणीत पाणी कमी पडतंय अशी कुणी तक्रार करू नका आता." मैदान खदखदून हसलं. भिवराबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. अख्ख्या मेळाव्यात एवढी करमणूक कशाचीच झाली नव्हती.

फेरी पुरी झाल्यावरच धुळाजीनं इंजिन बंद केलं.

संघमित्रा पळत पोचली तेव्हा अर्जुनराव पाहुण्यांना घेऊन उभे होते. कड्यांचा गेरू खुरांनी सगळा फिरवला होता. एका कोपऱ्यात थोडा फेस तेवढा शिल्लक होता.

"हिनं सोडलं तांबूला. मी बघितलं वरनं," संघमित्रा म्हणाली.

"मी न्हाई बाई," राजनंदिनी म्हणाली. "तीच म्हणलती की, दावं तोडंल म्हणून. सगळ्यांनी ऐकलंय."

सगळ्यांनी खरंच ऐकलं होतं.

अर्जुनराव चिडले नाहीत. अगदी मायेनं बोलले. "कावून रडती बाळा? गाय तुझी, मीठ तुझं. आता कुणावर आळ घेती?"

मॅडम पुढं झाल्या. "मी पाहिली होती अर्जुनराव, माझ्या मतानं पहिली..."

"पाहुण्यांनी न्हाई ना बघितली. जे जमिनीवर हाय त्यालाच नंबर. नियम म्हणजे नियम."

मॅडमनी हातातला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. पहिला नंबर मोराला गेला. टाळ्या पडल्या.

"आणि वसतिगृहाची जागा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"आमच्या नंदिनीला घर सोडून तिथं कशाला राहायचंय?" अर्जुनराव हसले. "राहू द्या रिकामी."

गर्दी संगीत खुर्चीकडं सरकली. तांबू तिथंच उभी होती. जीभ निळी, नाकपुड्या फुललेल्या. मीठ खाल्लेलं जनावर, तहानेनं हौदाकडं निघालं, तर छावणीवाल्यानं काठी आडवी घातली. "पाण्याची पाळी संध्याकाळी."

तांबू वळून संघमित्राकडं आली आणि तिचा हात चाटायला लागली. संघमित्रानं तिच्या तोंडावर फाडकन मारलं. तांबूनं पापण्या मिटल्या, उघडल्या आणि पुन्हा चाटायला लागली. संघमित्रानं पुन्हा मारलं.

"मारू नको गं," जाईबाई म्हणाली. "मुकं जनावर. तिला काय कळतंय?"

"न्हाई कळत म्हणून तर मारता येतंय."

जाईबाई कोपऱ्यात उकिडवी बसली आणि उरलेला फेस वरच्या वर, माती न लागू देता, चिमटीनं उचलून पदरात घ्यायला लागली. त्या मिठाला रंग लावलेला नव्हता.

"काय करती आई?"

"चांगलं हाय हे," जाईबाई म्हणाली. "घे, तिकडनं तू पण भर. उसाच्या फडावर कालवणात घालायला हुईल."

संघमित्रा खाली बसली, ओढणी पसरली आणि भरायला लागली. या वेळी कुणी बघत नव्हतं.