अळणी

आकारामने ताट पुढे ओढलं. दोन भाकऱ्या, वाटीभर घेवड्याची आमटी, फोडलेला कांदा आणि डाव्या कडेला चिमूटभर मीठ. चार जिन्नस. चौथा त्याने बोटाने ताटाबाहेर लोटला आणि आमटीत बुडवून घास घेतला. आमटी खारट नव्हती, अळणीही नव्हती. जशी लागायला हवी तशीच लागत होती.

कालच साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळून फुगवला होता. पारा दोनशे दहा दाखवत होता.

"हवालदार, नळी तेवढीच आणि पाणी वाढत गेलं तर काय होतं?"

"फुटती."

"मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. या सर्पगंधेच्या गोळ्या दोन्ही वेळा घ्या, दाब उतरायला मदत होईल. पण जेवण अळणीच हवं. नाहीतर एक दिवस अर्धं अंग लुळं पडेल. उचलायला घरी कोण आहे?"

घरी सून होती, राहीबाई. आणखी कोणी नव्हतं. तिचा नवरा जोतीराम पलटणीबरोबर ब्रह्मदेशात नदी उतरताना बेपत्ता झाला होता. लढाई संपून वर्ष उलटलं, तरी तो सरकारदरबारी बेपत्ताच होता.

"राही, डाक्टर काय म्हनलं, सांगितलं हुतं न्हवं तुला?"

दाराआड बांगड्या किणकिणल्या. "सांगितलं की."

"मग आमटीत मीठ?"

"अळणी सुतकात करत्यात, मामंजी. आपल्या घरातलं कोन गेलंय?"

"तसं न्हवं, पोरी. माझ्यापुरतं येगळं भांडं..."

"चूल एकच हाय."

आकारामने दुसरी भाकरीही संपवली.

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. गोळ्या मात्र चुकवल्या नाहीत. त्यांनी नाक चोंदायचं, दुपारी डोळ्यांवर झापड यायची. सकाळी जाग आली की अंथरुणातच तो आधी डावा हात उचलून बघायचा, मग उजवा. दोन्ही उचलले गेले की उठून बसायचा. आत राही चूल पेटवत असायची. दिवसभर दोघांत बोलणं असं व्हायचं ते ताटावरच, तेही वाढू का आणि पुरे, एवढंच.

"अळणी जेवताय ना?" डॉक्टर दर खेपेला विचारत.

"व्हय, सायेब."

"मग खोटं कोण बोलतंय? पारा, की तुम्ही?"

"पारा बिचारा कशाला खोटं बोलंल!"

डॉक्टर हसत नसत.

दिवाळीच्या तोंडावर नाथाजी फौजेतून सुटून आला. जोतीरामच्याच पलटणीतला गडी. ओट्यावर बसून त्याने बशीत चहा ओतला.

"तात्या, घोड्यावानी फुरफुरताय काय?"

"औषधानं रं. नाक भरतंय."

"आमास्नी रम द्यायचे औषध म्हनून. तुमी डाक्टर बदला."

आकाराम हसला. पुष्कळ दिवसांनी हसल्यामुळे त्याला ठसका लागला. तो ओसरतोय तोच दाराआडून राहीचा आवाज आला.

"भावजी, ती नदी लय मोठी व्हती का?"

नाथाजीने बशी खाली ठेवली. "व्हय, वयनी. पावसाळ्याची."

"त्यास्नी पवायला येत न्हवतं."

"ठावं हाय मला." नाथाजी आपल्या उजव्या पंजाकडे बघत राहिला. "मी हाताला धरलं हुतं त्याला."

थोड्या वेळाने नाथाजीने टोपी उचलली. बशीतला चहा तसाच होता.

दिवेलागणीला ताट आलं. भाकरी, आमटी, कांदा. डावी कड रिकामी होती. आकारामने घास तोंडात घातला. चावताना त्याचा जबडा मध्येच थांबला. मग त्याने घास गिळला, वाटी उचलून उरलेली आमटी प्याला आणि रिकामी वाटी पुन्हा पुढे केली. राहीने वाकून वाढलं. पदर तिने नेहमीपेक्षा खाली ओढला होता.

"तू जेवलीस का, पोरी?"

"जेवते, मामंजी."

"हितंच घे ताट."

सुनेने सासऱ्यासमोर बसून जेवायची त्या घरात रीत नव्हती. ती उंबऱ्याच्या आत, पण दार न लोटता बसली. दोघांनी एकाच पातेल्यातली आमटी खाल्ली.

पुढल्या महिन्यात आकाराम सर्व्हिस मोटारीने साताऱ्याला गेला. डॉक्टरांनी पट्टा एकदा फुगवला, हवा सोडली. मग पुन्हा फुगवला.

"एकशे अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "खाली ब्याण्णव."