बावीस वर्षांत न दिसलेली सासू

पिकअपच्या उघड्या हौद्यात मेंढीचं कातडं अंथरून हॅसबा मागे तोंड करून बसली होती. पुढे जावई एमर्सन गाडी चालवत होता, शेजारी तिची लेक लॅव्हर्न. सासू-जावयाने एकमेकांचं तोंड पाहिलं तर डोळे जातात, हे नवाहो जमातीच्या माणसाला सांगावं लागत नाही. हल्ली कुणी पाळत नाही म्हणे. हल्लीच्यांचं हॅसबाने कधी ऐकलं नव्हतं. एमर्सनने तर मधला आरसाही टोपीने झाकला होता.

"आई, पुढे ये गं," लॅव्हर्न मागच्या खिडकीतून ओरडली. "एक दिवस चालतंय!"

"ज्याला एक दिवस चालतं, त्याला पुढे सगळंच चालतं. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, खड्डे चुकव. माझी हाडं माझ्या आईची आहेत, दुकानातली नाहीत."

डोंगर तिला मागून भेटत होते. लाल कडा आधी अंगावरून जायचा, मग दिसायचा. खाली सॅन वान नदी चिखलाच्या रंगाची, वळणावर वळण घेत चाललेली. मागून पर्यटकांची एक गाडी आली. आतल्या बाईने फोटोसाठी फोन उचलला, तशी हॅसबानेही बोटांची चौकट करून तिचा फोटो काढला. गाडी निमूट मागे राहिली.

ह्या पर्यटकांसाठीच सगळं चाललं होतं. कड्यावरच्या तिच्या कुरणात सरकारला दरी बघायला ओटा आणि गाड्यांना तळ करायचा होता. तिथे कित्येक वर्षं कुणी राहत नाही, असं कुणीतरी कागदावर लिहून दिलं होतं. आज चराई समितीचा माणूस जागा बघायला येणार. ते लिहिणं खोटं ठरलं नाही, तर आईकडून आलेला चराईचा हक्क संपला.

कड्यावर समितीचा हार्वी उभा होता, काखेत फाईल. कुरणभर लाल फडक्यांच्या खुंट्या ठोकलेल्या. हॅसबा उतरली आणि शाल डोक्यावरून ओढून नदीकडे तोंड करून राहिली. एमर्सन गाडीच्या पलीकडे थांबला.

"मावशी, तुम्ही इथे राहता ह्याला साक्षीदार दुसऱ्या कुळाचा लागतो," हार्वी म्हणाला. "कूळ आईचं, म्हणजे लेक तुमच्याच कुळाची."

"मग तो आहे की पलीकडे. विचार त्याला."

"एमर्सन, ह्यांना इथे राहताना पाहिलंस?"

"नाही."

लॅव्हर्नने कपाळावर हात मारून घेतला. हॅसबाने मान वळवली नाही. खोटं बोल, असं ती त्याला सांगणार नव्हती.

"एकदाही नाही?"

"बावीस वर्षांत एकदाही नाही. पहाटे ती ह्या उतारावर मेंढ्या आणते, म्हणून मी वरच्या वाटेने जातो. दुपारी ती खालच्या झाडाखाली बसते, म्हणून मी पाण्याला सांजेला जातो. मेंढीची घंटा वाजली की मी खडकामागे. ह्या दरीतला एक खडक दाखव, ज्याच्यामागे मी लपलो नाही! नसलेल्या बाईपासून कुणी लपतं का रे, हार्वी? तुझी सासू ह्या घटकेला कुठे आहे?"

"मोठ्या मुलीकडे. मका सोलतेय," हार्वी चटकन म्हणाला, आणि स्वतःशीच ओशाळला. त्याने लेखणी काढली. "आता हे लिहू कसं?"

"म्हणाला तसंच लिही," हॅसबा नदीला ऐकवत ओरडली. "आणि अक्षर ठसठशीत काढ. वरच्या साहेबांना चष्मे असतात."

हार्वीने लिहिलं, खाली सही केली. "हक्क राहिला, मावशी."

"राहिला कसला? होताच." तिने वाकून जवळची खुंटी दोन्ही हातांनी उपटली.

"आई! ती सरकारी आहे!"

"माझ्या गवतात उगवलीय ना? मग चुलीला माझीच."

तिने दुसरी उपटली, तिसरी उपटली. गाडीच्या पलीकडेही खुंट्या निघाल्याचे आवाज येऊ लागले. कोण उपटतंय, हे तिने वळून पाहिलं नाही.