एरंड वाचला

शरयूवहिनींच्या परसातल्या एरंडावर अळी पडली, तेव्हा दसऱ्याला अठरा दिवस उरले होते. दिवस पक्के आठवतात, कारण त्या स्वतः ते मोजत होत्या.

त्यांचे यजमान माझे वर्गमित्र. ते गेल्यावर जयेंद्रगंजातल्या घरात थोरले दीर मधुसूदनपंत यांचा शब्द चालू लागला. वहिनींना उज्जैनला एका लांबच्या नातलगाकडे स्वयंपाकाला पाठवायचं त्यांनी ठरवलं होतं. वहिनींनी दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतली. एरंडाच्या पानांवर त्या रेशमाचे किडे वाढवत होत्या. पाखरू कोश फोडून गेलं की उरल्या कोशाचं सूत निघतं. पूजेला नेसायचा मुकटा त्याचाच विणतात. नव्या उद्योगशाळेला हे काम शिकवणारी बाई हवी होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथले साहेब कोश पाहायला येणार होते. कोश दिसले तर नोकरी आणि राहायला खोली, नाहीतर उज्जैन.

आणि आता पानंच संपत आली होती. करड्या अळ्या शिरांपर्यंत सगळं खात होत्या.

मी शाळेत सृष्टिज्ञान शिकवत असे. आदल्या वर्षी शाळेच्या बागेत काही अळ्या काळ्या पडून, डोकं खाली करून लोंबकळताना दिसल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात बारीक काड्यांसारखे जंतू दिसले. असे जंतू मातीत असतात. पानाबरोबर पोटात गेले की अळीचं आतडं सडतं. त्या मेलेल्या अळ्या मी वाळवून बरणीत ठेवल्या होत्या. त्या पाण्यात वाटून शिंपडल्या की धडधाकट अळ्याही तिसऱ्या दिवशी मरत. मुलांसमोर तेच पाणी मी कबुतरांच्या दाण्यांवर शिंपडलं होतं. कबुतरांना काही झालं नाही.

वहिनींनी विचारलं, "भावजी, पान विषारी नाही ना होणार?"

"हे विष नव्हेच," मी म्हणालो. "हा अळ्यांचा आजार आहे. दुसऱ्या कुणाला होत नाही."

त्यांनी मान हलवली. परसातल्या अळ्या शत्रू होत्या. आतल्या खोलीत सुपांवर वाढणाऱ्या घरच्या होत्या. दोन्ही एकाच कुळातल्या आहेत, हे मी दर वर्षी फळ्यावर काढून दाखवत असे. तरी त्या दिवशी ते माझ्या मनात आलं नाही.

ते पाणी मी एरंडावर शिंपडलं आणि चौथ्या दिवशी एरंड स्वच्छ झाला. आठवड्याने मी पुन्हा गेलो, खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला. वहिनी मला आत घेऊन गेल्या. सुपांवर बोटभर लांबीचे किडे काळे, लुळे पडले होते. काही कडेवरून डोकं खाली करून लोंबत होते. मी ते पाहताच ओळखलं आणि हा माझ्याच पाण्यातला आजार असल्याचं तिथेच त्यांना सांगितलं.

त्या एकेक किडा उचलून टोपलीत टाकत होत्या. म्हणाल्या, "धुतली होती हो मी पानं."

घरात बोलणं सुरू झालं की विधवेच्या हाताला यश नसतं. मी मधुसूदनपंतांकडे जाऊन चूक माझी असल्याचं सांगितलं. त्यांनी मला खिडकीशी नेलं.

"झाडं बघा कशी तरारलीत तुमच्या पाण्यानं. आणि त्याच पाण्यानं किडे मेले म्हणता?" ते हसले. "छोडिए, मास्तर. भले आहात, म्हणून तिचं पाप अंगावर घेताय."

शाळेतून सूक्ष्मदर्शक आणून मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी डोळा लावला, काहीतरी हलतंय खरं, असं म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

साहेब आले. मी त्यांना सगळं लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि नव्या अंड्यांपासून कोश व्हायला किती दिवस लागतील ते विचारलं. दीड महिना, वहिनी म्हणाल्या. उद्योगशाळा पुढल्या सोमवारी सुरू होणार होती.

टांगा दाराशी आला तेव्हा मी उभा होतो. वळकटी वर चढवून वहिनी माझ्याकडे वळल्या.

"मुलांना ते पाणी शिकवता ना, भावजी? माझे किडेही सांगत जा त्यांना."

मी सांगत आलो आहे. त्या वर्षी एरंड कौलांच्या वर गेला. पानं तोडायला कुणी नव्हतं.