राष्ट्रीयत्वाचा रकाना

माझी नात भैरवी झाली ते साल दोन हजार पंचवीसचं. नऊ सप्टेंबरला दुपारी दोह्यात बॉम्ब पडले आणि त्याच संध्याकाळी सूनबाई राजश्री बाळंत झाली. आमच्याकडे मुलीचं बारसं तेराव्या दिवशी करतात. तो रविवार आला, एकवीस तारीख. माझा मुलगा पियूष दोह्यातल्याच वेस्ट बेमध्ये वकिलांच्या एका कचेरीत नोकरीला आहे, राहतो अल दुहैलला. त्याच्या दोन खोल्यांतच पाळणा बांधला. बायको सत्यभामा बाळंतपणासाठी गावाहून आली होती, तिनं घुगऱ्या शिजवल्या. नाव सांगायला आत्या हवी, पण माझी मुलगी बबीता लातूरला. तिनं फोनवरून नाव सांगितलं आणि पियूषनं फोन बाळाच्या कानाला लावला.

घरच्यांशिवाय एकच माणूस बोलावला होता, जाफर.

जाफर आणि मी एकवीस वर्षं अल खोरच्या एकाच बस डेपोत. मी ड्रायव्हर, तो स्टोअरकीपर. मी आलो तेव्हा लॉगबुकावर अंगठा देत होतो. त्रेचाळिसाव्या वर्षी जाफरनं मला इंग्रजी अक्षरं शिकवली, सुट्या भागांच्या पावत्यांच्या पाठीवर. मराठी मी त्यानंतर शिकलो. आमचं बोलणं आखातातल्या मोडक्या हिंदीत चालायचं, इथं ते मराठीत लिहितो आहे.

जाफर पॅलेस्टाईनचा. म्हणजे त्याचा बाप तिथला. जाफर जन्मला दुसऱ्याच देशातल्या छावणीत. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता, निर्वासितांना देतात ते निळसर प्रवासपत्र होतं. कुठल्याही अर्जावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात त्याला एकच शब्द लिहावा लागे: स्टेटलेस. देश नसलेला.

त्याची एकुलती मुलगी हनिया युरोपातल्या एका देशात शाळेत शिकवत होती. बायको आधीच गेलेली. उन्हाळ्यात हनियाचं रक्ताचं दुखणं बळावलं. ऑगस्टमध्ये तिथल्या डॉक्टरांनी पत्र दिलं की वडिलांनी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येऊन भेटावं. त्यापुढचं त्यांनी लिहिलं नव्हतं. आठ वर्षांत बापानं लेकीला फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. जाफरनं व्हिसाचा अर्ज केला, हनियाचे सगळे कागद जोडले, आणि त्याला पंचवीस सप्टेंबरची तारीख मिळाली. कागद पक्के होते. गुरुवारी जायचं, बोटांचे ठसे द्यायचे, एवढंच उरलं होतं.

बारशाच्या संध्याकाळी टीव्ही चालू होता. आधी दोन-तीन देशांची नावं आली, मग आणखी एक. सगळ्यांनी पॅलेस्टाईनला देश म्हणून मान्यता दिली होती. दुसऱ्या दिवशी आणखी देश देणार होते. हनिया राहत होती तो देश त्या संध्याकाळच्या नावांत होता. कुठला, ते लिहीत नाही.

जाफरच्या हातात घुगऱ्यांची वाटी होती. ती तशीच राहिली.

मी म्हटलं, "जाफर, आज तुझंही बारसं झालं बघ."

"सदीक, माझं वय सहासष्ट आहे." अरबीत सदीक म्हणजे दोस्त, तो मला तसंच म्हणायचा.

"मग काय झालं? उशिरा ठेवलं तरी नाव ते नाव."

सत्यभामा हसली. "यांचं ऐकू नका भाऊजी. यांना अक्षरं उशिरा आली, म्हणून सगळ्यांचंच उशिरा झालेलं यांना आवडतं."

जाफर मला म्हणाला, "तुमच्या देशानं तर आम्हाला सदतीस वर्षांपूर्वीच मान्यता दिली आहे. मला सांग, उद्या मी तुझ्या गावी यायचं म्हटलं तर हे निळं पुस्तक घेऊन किती दारं ठोठावावी लागतील?"

 मी म्हटलं, "ते जुनं झालं. आता मोठे मोठे देश म्हणतात. गुरुवारच्या अर्जात तो घाणेरडा शब्द कशाला ठेवतोस? नाव लिही."

पियूष स्वयंपाकघरातून ताट घेऊन येत होता. त्यानं ते खाली ठेवलं.

"आबा, फॉर्मला हात लावू नका. हे एका सरकारनं दुसऱ्या सरकारला ओळखणं आहे. एम्बसी उघडेल, करार होतील, मोठ्या कोर्टात देश म्हणून बोलता येईल. पण कुठल्या माणसाचं नागरिकत्व कुठलं, ते यानं ठरत नाही. काकांच्या हातातला कागद तोच राहणार. फॉर्म कागदाशी जुळला पाहिजे."

"मग ओळखायचं कशाला?"

"त्याला अर्थ आहे, आबा. पण आज नाही, आणि गुरुवारी तर नाहीच. कायद्यात देशाला चार गोष्टी लागतात. लोक लागतात, जमीन लागते, सरकार लागतं, आणि दुसऱ्या देशांशी व्यवहार करता यावे लागतात."

जाफरनं शांतपणे विचारलं, "बेटा, जमीन किती लागते? काही माप दिलं आहे का?"

 माप दिलेलं नाही, असं पियूष म्हणाला. मग माझ्याकडे वळून मराठीत बोलला, "आईचं रेशन आठवतं ना?"

आठवत होतं. आमची टेंभीवस्ती धरणामुळे उठलेल्या लोकांची. पस्तीस वर्षांनी सरकारनं तिला स्वतंत्र महसुली गाव म्हणून मान्यता दिली. राजपत्रात छापून आलं, आम्ही गुलाल उधळला. सत्यभामानं दुसऱ्याच दिवशी रेशनकार्डावर नव्या गावाचं नाव घालायला अर्ज दिला. जुन्या गावाच्या यादीतून तिचं नाव निघालं, आणि नवं गाव संगणकात चढलेलंच नव्हतं. आठ महिने धान्य बंद. शेवटी पुन्हा जुन्याच गावचं नाव लिहून दिलं तेव्हा गहू मिळाला.

हे सगळं आठवत असूनही मी पियूषला म्हटलं, "शिकलास म्हणून प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणायचं का?" पाहुण्यासमोर बोललो. तो उठून आत गेला.

मंगळवारी मी जाफरबरोबर अल खोरच्या टायपिंगच्या दुकानात गेलो. आमच्याकडच्या लोकांचे सगळे अर्ज तिथला सोहेल भरून देतो. त्यानं अर्ज उघडला, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि नावांची लांब यादी खाली उघडली.

"चाचा, नाव यादीत आहे. टाकू?"

जाफर माझ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत स्टोअरमध्ये त्यानं एक नट कधी न मोजता दिला नाही. तो माणूस माझ्याकडे बघत होता, मी काय म्हणतो म्हणून. बारशात एकदा नाव ठेवलं की त्याच नावानं हाक मारायची, दुसऱ्या नावानं बोलावलं तर आमच्यात म्हाताऱ्या रागावतात. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

"टाक," मी म्हटलं.

सोहेलनं नाव टाकलं. छापलेला कागद जाफरनं दोन्ही हातांनी धरला आणि त्या एका ओळीचा मोबाइलवर फोटो काढला. हनियाला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं. ती काय म्हणाली ते त्यानं सांगितलं नाही, पण दुकानातून बाहेर पडल्यावर मला चहा पाजला.

गुरुवारी व्हिसा केंद्रातल्या काउंटरवर आपलीच मुलगी निघाली, स्वप्ना, नाशिककडची. कागद उलटताना ती थांबली.

"काका, हे जुळत नाही हो. पुस्तकात एक आणि अर्जात दुसरंच."

"त्या देशानंच मान्यता दिली ना, पोरी?" मी म्हटलं.

"दिली असेल. मी फक्त कागद घेते, निर्णय तिकडे होतो. परत न्यायचा का? पण मग तारीख जाईल."

पुढची तारीख किती दिवसांनी मिळेल ते तिला सांगता येईना. आम्ही अर्ज आत दिला.

सात ऑक्टोबरला उत्तर आलं. पियूषनं वाचून दाखवलं: अर्जदारानं सांगितलेलं राष्ट्रीयत्व आणि सादर केलेलं प्रवासपत्र यांत मेळ नाही, त्यामुळे अर्जदाराच्या ओळखीबद्दल खात्री करता येत नाही. वर त्याच सरकारची मोहर होती, ज्या सरकारनं सोळा दिवसांपूर्वी साऱ्या जगासमोर उभं राहून त्या देशाचं नाव घेतलं होतं. देशाला त्यांनी ओळखलं होतं. माणसाला ओळखत नव्हते.

पियूषनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्यानं कचेरीतल्या साहेबाकडून पत्र लिहून घेतलं, दुखण्याचं कारण देऊन लवकरची तारीख मागितली. सहा नोव्हेंबर मिळाली. त्याआधी काही नव्हतं.

नवा अर्ज भरायला जाफर मला घेऊनच गेला. या वेळी टाइप केलेल्या अर्जाबरोबर हातानं भरायचा एक कागदही जोडायचा होता: आधीच्या अर्जात चूक झाली आणि खरं राष्ट्रीयत्व हे असं आहे. जाफरनं पेन माझ्यापुढे धरला.

"तू लिही, सदीक."

"मी कसा लिहू?"

"अक्षरं येतात ना तुला? मीच शिकवली आहेत."

रागानं म्हणाला नाही. चष्मा काढून बसला होता. इंग्रजीत त्या शब्दाची नऊ अक्षरं होतात. मी एकेक करून लिहिली. एस तीन वेळा येतो. एकवीस वर्षांपूर्वी पावतीच्या पाठीवर माझा एस उलटा यायचा, तेव्हा जाफर हसायचा. आता सरळ आला. खाली त्यानं सही केली.

ऑक्टोबरचा मध्य गेला. हनिया फोनवर आधी बोलायची, मग नुसती ऐकायची, मग नर्स फोन तिच्या कानाला धरायची. जाफर स्टोअरच्या मागच्या बाकावर बसून तिच्याशी बोलायचा. आम्ही बाळाच्या कानाशी फोन धरला होता ते मला आठवायचं आणि मी उठून गाड्यांकडे जायचो.

सहा नोव्हेंबरला व्हिसा केंद्रात कोणी गेलं नाही.

डिसेंबरात हनियाचे कागद आले. मृत्यूचा दाखला तिथल्या भाषेत होता. पियूषनं कचेरीत भाषांतर करून आणलं आणि स्टोअरमध्ये बसून वाचलं. नाव, जन्मतारीख, कारण. राष्ट्रीयत्वाच्या रकान्याशी तो थांबला आणि कागद जाफरपुढे ठेवला. तिथं लिहिलं होतं: पॅलेस्टाईन. त्या रकान्याचा मेळ कोणी तपासला नव्हता.

"बघ," जाफर मला म्हणाला, "तिला देश मिळाला."

त्यानं कागदाची घडी घातली आणि निळ्या पुस्तकात ठेवली. डेपोतल्या लोकांना मी सांगतो की व्हिसा उशिरा आला म्हणून बाप पोहोचला नाही. ते खरं नाही. व्हिसा मी घालवला.

हनिया, जाफरची मुलगी, बुधवारी, एकोणतीस ऑक्टोबर दोन हजार पंचवीस रोजी सकाळी वारली. ती चौतीस वर्षांची होती.