विलीकाकांचा पंखा

पंखा बंद पडला, म्हणजे चोर घरात शिरला. निदान विलीकाकांनी सांगितलेल्या जोडणीचं तरी तसं म्हणणं होतं.

शिवणयंत्राशेजारी ठेवलेला टेबलफॅन पाच मिनिटं नुसता भणभणत होता. काकांनी बाहेरून मागचं दार ढकललं, भोंगा कोकलला आणि पंखा गप्पकन थांबला. आईने पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हातांनी विचारलं, "चोर आला की वारा जातो?"

"अहो बारा व्होल्ट," बोदिल भिंतीपाशी उकिडवी बसून ओरडली, "उलटं झालंय तुमचं!"

बोदिल आमच्या गावची वायरमन. घरच्या विजेला हात लावायचा परवाना तिच्याकडे. समोरच्या घरातल्या काकांकडे फक्त अलार्मचा, आणि तो बारा व्होल्टवर चालतो. म्हणून ती त्यांना बारा व्होल्ट म्हणते आणि ते ऐकून घेतात. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी भिंतीतल्या विजेला बोट लावलेलं नाही. मधे रिले असतो, काडेपेटीएवढा. अलार्मची बारीकशी वीज त्यातली एक पट्टी ओढते, पट्टी पलीकडची घरची वीज जोडते, आणि दोन्ही विजा एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. अलीकडचं टोक काकांचं, पलीकडचं बोदिलचं.

"हात गेला आपोआप," काका आत येऊन भोंगा बंद करत म्हणाले. "आमच्या अलार्ममध्ये शांतता म्हणजे जोडलेलं. तुटलं की बोंब. जन्मभर तसंच केलं, तुलाही तेच टोक दाखवलं."

"मग चोराला उकडेल तेवढं!" बोदिल म्हणाली.

मी हे आईला हातांनी सांगितलं. आई हसली. आवाज न करता, खांदे हलवत. मार्चनंतर पहिल्यांदा. माझ्या कडेवरची माझी लेक रुना तिला बघून हसायला लागली.

आई डेन्मार्कचे झेंडे शिवते, लाल कापडावर पांढरा क्रॉस. गावात ज्याच्या अंगणात काठी आहे, त्याच्या काठीवर आईचा झेंडा आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. अलार्म काकांनीच बसवला होता, बाबा होते तेव्हा. ऐकायला बाबा होते. मार्चमध्ये भर दुपारी, गल्लीत कोणी नसताना, कोणीतरी मागच्या दाराने आत आलं आणि आजीचे चांदीचे चमचे घेऊन गेलं. ओल्या बुटांचे ठसे आईच्या खुर्चीमागून गेले होते, हातभर अंतरावरून. अर्धा तास भोंगा वाजला, आणि आई त्याच्याखाली बसून पांढरा पट्टा लावत होती.

तेव्हापासून तिने टेबल दाराकडे तोंड करून ठेवलं. उजेड पाठीमागे गेला. दोन टाके घालायची, वर बघायची. दोन टाके, वर बघायची. क्रॉस वाकडा यायला लागला, एक झेंडा परत आला. मी म्हटलं, आई, ऑर्हूसला चल आमच्याकडे. ती लगेच हो म्हणाली. माझी आई, कशालाही लगेच हो न म्हणणारी. या महिनाअखेरीला घर सोडायचं ठरलं होतं.

हे काकांना कळलं, तेव्हा ते गल्ली ओलांडून आले आणि टोपी न काढता मला म्हणाले, "माझा अलार्म नीट चालला होता गं. त्यात दोष नव्हता. म्हणून मला झोप नाही."

मग काल त्यांनी भोंग्याबरोबर पेटणारा दिवा लावून बघितला. जूनच्या उन्हात, शिवणीवर मान घातलेल्या आईला तो दिसलाच नाही. काका कॉफी तशीच ठेवून घरी गेले. आज सकाळी आले ते पंखा काखोटीला मारून. "डोळे कामात असतात," म्हणाले, "गाल तर रिकामे आहेत ना?"

बोदिलने मेन बंद केला, तार दुसऱ्या टोकाला नेली, डबी मिटली. आता पंखा शांत होता.

काका आईसमोर उभे राहिले. ते तिच्याशी नेहमी सावकाश, ओठ पूर्ण उघडून बोलतात. "मी मागून येईन. कधी ते सांगणार नाही. चालेल?"

आईने त्यांचे ओठ वाचले. मग बोदिलला खूण करून टेबलाचं एक टोक धरायला लावलं. दोघींनी ते फिरवून खिडकीशी नेलं, पूर्वीच्या जागी. दाराकडे पाठ.

काका गेले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आईने चारदा मागे वळून पाहिलं, मी मोजलं. मग यंत्र चालू केलं आणि लाल कापड पुढे सरकायला लागलं. पाचव्यांदा मान वळली नाही.

टक्. रिले आपल्याला ऐकू येतो, तिला नाही. भोंगा फुटल्यासारखा वाजला, बोदिलने झडप घालून रुनाचे कान झाकले, आणि पंखा फिरला. आईच्या कपाळावरची पांढरी बट उडाली. खांदे ताठरले.

तिने वळूनही पाहिलं नाही. डावा हात कापडावरच ठेवून उजव्या हाताचं एक बोट वर केलं: थांबा. आणि शिवण पुढे चालू ठेवली, सरळ, एका रेषेत.

दारात विलीकाका उभे होते. टोपी हातात, बूट बाहेर काढलेले. डोक्यावर भोंगा कोकलत होता आणि तो बंद करायची चावी त्यांच्याच खिशात होती. पण ते उंबऱ्यावरच थांबले होते, शिवण संपायची वाट बघत.